सूचिचिकित्सा व चिनी वैद्यक

सूचिचिकित्सा व चिनी वैद्यक : शरीरावरील ठराविक बिंदूंच्या ठिकाणी बारीक सुया टोचून वेदना व इतर विकारांवर उपचार करण्याच्या पद्धतीस सूचिचिकित्सा म्हणतात. ‘ॲक्युपंक्चर’ हे तिचे प्रचारातील नाव लॅटिन भाषेतील ‘सुई’ व ‘टोचणे’ या अर्थाच्या शब्दांवरून पडले असून, जपानमध्ये राहून आलेला डच वैद्य व्हिलेम टेन राइन याने १६८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने ते यूरोपात रूढ केले. चिनी भाषेतील नाव ‘झेन-ज्यू’ असे आहे. त्याचा अर्थ ‘सुई आणि शेक’ असा होतो. म्हणजे सुई टोचणे आणि वनस्पतीच्या जळत्या कांडीने शेक देणे ही एकाच उपचाराची दोन अंगे मानली जातात. सूचिचिकित्सा ही चिनी वैद्यकाची एक शाखा असून तिच्याखेरीज काढे व चूर्णे, मर्दन, पथ्यापथ्य आणि श्वसन व हालचालींचे व्यायाम यांचा त्या वैद्यकात समावेश होतो. चीनमध्ये औषधोपचाराचे स्थान सुईपेक्षा नेहमीच मोठे राहिले आहे. भारतात मात्र सुई आली आणि औषधे मागे राहिली.

इतिहास : चिनी वैद्यकाचा मूलग्रंथ ह्वांग-दी नेइ-जिंग (पीतसम्राटाचे अंतर्वैद्यक) हा इ. स. पू. दुसऱ्या व पहिल्या शतकांच्या सुमारास संकलित झाला असावा. त्यापूर्वीची स्थिती हूनान प्रांतातील मावांगत्वे येथील थडग्यांमुळे समजते. त्यांपैकी इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातून १९७३ मध्ये रेशमावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखिते मिळाली. त्यांत शरीरातील अकरा मार्गांचे वर्णन आहे, शेक देण्याचा उल्लेख आहे, परंतु सुई टोचण्याच्या बिंदूंचा पत्ता नाही. ही पद्धती ‘पाच हजार वर्षांपूर्वीची’ असल्याचे जाहिरातींतून सांगितले जाते, त्यास या पुराव्याचा आधार मिळत नाही. ह्वांग-फू मी (२१५–२८२) याने बिंदूंची व्यवस्थित मांडणी करून ३४९ बिंदू सांगितले. सुंग काळात, १०२७ मध्ये, वांग वे-यी याच्या देखरेखीखाली मनुष्याकृती काशाचे पुतळे ओतून त्यांवर बिंदूंची छिद्रे पाडण्यात आली व विद्यार्थ्यांची परीक्षा त्यांवर घेतली जाऊ लागली.

बौद्ध यात्रेकरू इ-त्सिंग हा सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदा येथे राहिला होता. भारतीय वैद्यकाची त्याने वाखाणणी केली. तथापि सुई, डाग व नाडीपरीक्षा यांत मात्र जंबुद्वीपातील कोणी चीनची बरोबरी करू शकत नाही, असे त्याने नमूद केले आहे. सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मे, सिरावेध आणि अग्निकर्म यांच्यावरून सूचिचिकित्सा मूळची भारतीयच असल्याचे मत महाराष्ट्रातही अधूनमधून मांडले जाते. मर्मे ही इजा टाळण्याची स्थाने होत, सुई टोचण्याची नव्हेत. आणि सिरावेधात रक्त काढणे हा हेतू असतो. इ-त्सिंगाची साक्षही या मताच्या विरुद्धच जाते. कर्णवेध संस्काराचा सूचिचिकित्सेशी जोडला जाणारा संबंध हा अलीकडच्या काळातील कल्पनेचा भाग आहे.

चीनमध्येही या पद्धतीस सदैव मान होता असे नाही. १८२२ मध्ये राजवैद्यकीय संस्थेतून सूचिचिकित्सेचा विभाग बंद करण्यात आला. १९२९ मध्ये तर चिनी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव तेथील सरकारपुढे आला होता. वैद्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. डॉक्टरांची तीव्र टंचाई ध्यानात घेऊन १९५० नंतरच्या साम्यवादी शासनाने जुन्या वैद्यकास आश्रय दिला, १९५६ पासून त्याची महाविद्यालये काढली आणि विविध परंपरांना एका पाठ्यपुस्तकी चौकटीत बसविले. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ या नावाने जगभर शिकविले जाते ते बऱ्याच अंशी या काळातील संपादन होय. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. भूल नेहमीच्या औषधांनी दिली गेली होती व सुया नंतर पोट फुगले तेव्हा टोचण्यात आल्या. पण त्यांच्या लेखानंतर ‘सुया टोचून शस्त्रक्रिया’ अशी वार्ता पसरली आणि पश्चिमेत या पद्धतीची लाट आली. त्या लाटेचे पाणी मुंबईपर्यंत पोचले.

महाराष्ट्राशी संबंध : चिनी औषधे मराठी मुलखात सुयांच्या कितीतरी आधी आली, आणि भाषेत त्यांची खूण राहिली आहे. दालचिनी, कबाबचिनी, रेवाचिनी, चोपचिनी ही नावे फार्सीतून आली असून त्यांतील ‘चिनी’ म्हणजे चीन देशाची. कबाबचिनी ही वस्तुतः जावाकडील. पण व्यापारी ज्या वाटेने माल आणीत तिचे नाव मालास पडे. चोपचिनी (स्मायलॅक्स चायना) या वेलीच्या कंदाचा इतिहास उत्तर कोकणाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्याच सुमारास, सुमारे १५३५ मध्ये, फिरंगरोगावर (उपदंशावर) गुणकारी म्हणून चोपचिनीची ख्याती गोव्यात झाली, असे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने आपल्या ग्रंथात लिहिले आहे. हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ऑर्ताकडे त्या वेळी वसईच्या अखत्यारीत असलेले मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. सोळाव्या शतकातीलच भावप्रकाश या संस्कृत ग्रंथात भावमिश्राने ‘द्वीपान्तरवचा’ या नावाने हाच कंद सांगितला असून तो फिरंगरोगावर योजला आहे. रोग यूरोपीय जहाजांतून आला, औषध चीनमधून आले आणि शे-दीडशे वर्षांचे वय नसलेले हे दोन्ही विषय आयुर्वेदाने आपल्या ग्रंथात सामावून घेतले, ही गोष्ट परंपरेच्या जिवंतपणाचे गमक मानावी लागेल. चोपचिनीने उपदंश बरा होत नसे, हे मात्र पुढे स्पष्ट झाले.

सूचिचिकित्सेचा भारतातील प्रवेश एका मराठी डॉक्टरच्या नावाशी निगडित आहे. जपानी आक्रमणास तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात मदनमोहन अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२), बिजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी हे होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर असलेले कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, त्यांनी क्वो छिंग-लान या परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ते घरोघरी ठाऊक झाले. कोटणीस हे शस्त्रवैद्य होते, सूचिचिकित्सक नव्हते. ती विद्या भारतात आणली त्यांचे सहकारी बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकात ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कलकत्त्यात उपचारास सुरुवात केली. १९६२ च्या युद्धामुळे चीनचे नाव घेणेही अवघड झाले व हे काम जवळजवळ थांबले. १९७३ मध्ये कोटणीस स्मारक समितीचे पुनरुज्जीवन झाल्यावर तिच्या शिबिरांतून व प्रशिक्षणांतून सूचिचिकित्सा निरनिराळ्या राज्यांत पसरली. तिचे अनेक दवाखाने आजही कोटणीसांचे नाव लावतात. कोलंबो येथे अँटन जयसूर्य यांनी चालविलेल्या अभ्यासक्रमांना जाऊन आलेल्या भारतीय डॉक्टरांचाही या प्रसारात वाटा आहे. मुंबईतील जुन्या चिनी वसाहतीचा मात्र यात हात दिसत नाही. ती दंतवैद्य व खाद्यगृहे यांसाठी प्रसिद्ध होती.

तत्त्वे : चिनी वैद्यकाच्या मते ‘छी’ ही जीवनशक्ती शरीरातील मार्गांतून सतत वाहते. यिन व यांग या परस्परपूरक प्रवृत्तींचा समतोल आणि छीचा अडथळ्याविना प्रवाह म्हणजे आरोग्य होय. जेथे प्रवाह तुंबतो तेथे दुखते, हे त्यांचे सूत्र आहे. फुप्फुस, बृहदांत्र, जठर, प्लीहा इत्यादींच्या नावांचे बारा मुख्य मार्ग आणि धडाच्या पुढील व मागील मध्यरेषेवरील दोन अशा चौदा मार्गांवर ३६१ बिंदू मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचे प्रमाणित नामकरण केले आहे. ‘प्लीहा’ किंवा ‘यकृत’ म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे इंद्रिय नव्हे, तर कार्यांचा समूह होय, हे न समजल्यामुळे रुग्णांचा पुष्कळ घोटाळा होतो. वैद्याने ‘तुमचे यकृत बिघडले आहे’ असे म्हटले म्हणजे कावीळ झाली असा अर्थ होत नाही. वात-पित्त-कफांच्या भाषेची सवय असलेल्या मराठी वाचकास हे समजण्यास कठीण जाऊ नये. [→ आयुर्वेद].

निदानासाठी विचारपूस, जिभेचा रंग व तिच्यावरील थर, आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी वरवर व दाबून पाहिलेली नाडी यांचा उपयोग करतात. मार्ग व छी यांना शारीरात आधार सापडलेला नाही. सुईमुळे होणाऱ्या परिणामांची आधुनिक उपपत्ती मज्जासंस्थेच्या द्वारा दिली जाते. सुईने उद्दीपित झालेल्या तंत्रिकांमुळे मेरुरज्जूत वेदनेचे संदेश अडविले जातात आणि मेंदूत एंडॉर्फिने ही अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये स्रवतात, असे १९७० नंतरच्या दशकातील प्रयोगांवरून दिसून आले. अफूच्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिले असता सुईमुळे मिळणारा वेदनाशम कमी होतो, हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता.

पद्धती : सुया अगंज पोलादाच्या, साधारणतः ०·१६ ते ०·३५ मिमी. जाडीच्या आणि भरीव असतात. त्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळच बारीक असल्यामुळे टोचताना फारसे दुखत नाही व रक्त क्वचितच येते. बिंदूचे स्थान ‘त्सुन’ या मापाने शोधतात. रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन व चार बोटांची रुंदी म्हणजे तीन त्सुन. आयुर्वेदातील स्वांगुलाशी या कल्पनेचे साम्य आहे. सुई योग्य जागी गेली म्हणजे रुग्णास जडपणा, झिणझिण्या किंवा ताण जाणवतो. सुया १५ ते ३० मिनिटे ठेवतात, अधूनमधून फिरवितात किंवा त्यांस क्षीण विद्युत् प्रवाह जोडतात. जुनाट दुखण्यास आठवड्यातून एक-दोन याप्रमाणे सहा ते बारा बैठका देण्याचा प्रघात आहे.

शेकासाठी दवण्याच्या प्रजातीतील (आर्टेमिसिया) एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा लोकरीसारखा भुगा वापरतात. त्याची कांडी पेटवून त्वचेपासून थोड्या अंतरावर धरतात. मेळघाटात लहान मुलांच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देण्याची ‘डंबा’ ही प्रथा आहे. तिचे समर्थन कोणी या शेकाच्या आधारे करू लागल्यास ते सर्वथा चुकीचे ठरेल. डंब्याने भाजते, जंतुसंसर्ग होतो आणि आजारी बालकास रुग्णालयात नेण्यास उशीर होतो. पेल्यातील हवा तापवून तो त्वचेवर चिकटविणे हा चिनी उपचार मात्र महाराष्ट्रातील तुंबडी लावण्याच्या जुन्या उपचाराचा सख्खा भाऊ आहे.

नेहमीच्या तक्रारी : सूचिचिकित्सकाकडे येणारे रुग्ण बहुतेक दुखण्यांनी त्रस्त असतात. वसई-विरार पट्ट्याचे उदाहरण घेता येईल. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२,२२,३९० होती. तेथील नोकरदारांना चर्चगेटपर्यंतचा सुमारे ६० किमी. प्रवास लोकलमध्ये, पुष्कळदा उभ्याने, रोज दोनदा करावा लागतो. दुसरीकडे भाताची लावणी वाकून करणारे शेतकरी, फुले व भाजीपाला पिकविणाऱ्या बागाईतदार स्त्रिया, पाचूबंदर व अर्नाळा येथील जाळी ओढणारे मच्छीमार आणि डोक्यावर पाटी घेऊन हिंडणाऱ्या मासे विकणाऱ्या बाया आहेत. कंबर, मान, खांदा व गुडघा यांची दुखणी हा या सर्वांचा समान वारसा होय. वेदनाशामक गोळ्या रोज खाऊन जठर व मूत्रपिंडे बिघडविण्यापेक्षा सुया बऱ्या, हा विचार त्यामुळे सहज पटतो, आणि तो अगदी निराधार नाही.

कंबरदुखीवरील जर्मनीतील एका मोठ्या चाचणीत (२००७) १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनंतर सूचिचिकित्सा मिळालेल्यांपैकी ४७·६ टक्के रुग्णांस, औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २७·४ टक्के रुग्णांस आराम पडला. तिसऱ्या गटास चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यातील ४४·२ टक्के रुग्णांस आराम पडला. म्हणजे सुईने गुण येतो, पण ती नेमक्या बिंदूत टोचली की नाही यास फारसे महत्त्व दिसत नाही. या एका चाचणीत सूचिचिकित्सेचे बळ आणि तिच्या शास्त्राची अडचण दोन्ही सामावलेली आहेत. आराम मिळाला तो सुईच्या टोचण्यामुळे, अर्धा तास स्वस्थ पडून राहिल्यामुळे की कोणी लक्षपूर्वक विचारपूस केल्यामुळे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेस सल्ला देणाऱ्या संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये सूचिचिकित्सेची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली आणि २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी तिचा विचार करावा असे पुन्हा सांगितले. तज्ज्ञांचे एकमत नसल्याची याहून स्पष्ट साक्ष नको.

अर्धशिशीच्या बाबतीत पुरावा अधिक अनुकूल आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावीस चाचण्यांच्या समालोचनात, नेहमीच्या उपचारास सुयांची जोड दिली असता १०० पैकी ४१ रुग्णांत डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. जोड न दिलेल्यांत हे प्रमाण १७ होते. खोट्या सुयांशी तुलना करता मात्र आकडे ५० व ४१ असे जवळ येतात. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीतही उपयोग आढळतो. मळमळ व वांती यांसाठी मनगटाच्या सुरकुतीपासून दोन त्सुन वर, मधल्या दोन कंडरांमधील ‘नेइ-ग्वान’ हा बिंदू प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याच्या उद्दीपनाचा उपयोग होतो असे २०१५ मध्ये समालोचिलेल्या ५९ चाचण्यांवरून दिसून आले. हा बिंदू बोटाने दाबूनही चालतो. बसच्या प्रवासात उलटी होणाऱ्यांनी तो करून पाहण्यास हरकत नाही.

गुडघेदुखीत थोडा व तात्पुरता आराम संभवतो. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही, आणि वजन कमी करणे व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांची जागा सुया घेऊ शकत नाहीत. कष्टार्तव, निद्रानाश व वाहते नाक यांवर उपयोगाचे दावे आहेत, पण चाचण्या लहान व सदोष आहेत. अपचन व थकवा यांसाठी गुडघ्याखाली तीन त्सुन, नडगीच्या बाहेरच्या बाजूचा ‘झू-सान-ली’ हा बिंदू चिनी लोकांच्या विशेष विश्वासातील आहे. स्थूलपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब, बहिरेपणा इत्यादींवर सुयांनी कायमचा गुण येतो अशा जाहिराती आढळतात. त्यांस विश्वासार्ह आधार नाही. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पेकिंगमध्ये भरलेल्या परिसंवादात ४३ विकारांची यादी करण्यात आली होती. दवाखान्यांच्या भिंतींवर ती आजही लावलेली दिसते. परंतु ती त्या वेळच्या तज्ज्ञांच्या अनुभवावर आधारलेली होती, नियंत्रित चाचण्यांवर नव्हे.

मर्दन व दाब यांचा उपचार (ॲक्युप्रेशर) महाराष्ट्रात सुयांहून अधिक पसरला, कारण तो पुस्तकावरून घरी करता येतो. काटेरी पादुका व लाकडी रूळ जत्रेतही मिळतात. तळपायावर सर्व इंद्रियांचा नकाशा दाखविणारे तक्ते मात्र चिनी नसून विसाव्या शतकातील अमेरिकन आहेत. मधुमेही व्यक्तीच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. अशांनी काटेरी पादुका वापरणे धोक्याचे आहे.

धोके व मर्यादा : प्रशिक्षित व्यक्तीने केलेली सूचिचिकित्सा बरीच निर्धोक असते. ब्रिटनमधील एका पाहणीत (२००१) चौतीस हजारांहून अधिक उपचारांत एकही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. किरकोळ रक्तस्राव, काळेनिळे डाग व पहिल्या बैठकीत भोवळ येणे हे प्रकार होतात. म्हणून रुग्णास झोपवून व उपाशी नसताना सुया टोचतात. गंभीर अपघातांपैकी छाती व खांद्यावरील सुई खोल जाऊन फुप्फुसाभोवती हवा शिरणे (वातवक्ष) हा मुख्य होय. कृश व्यक्तींत ही शक्यता वाढते. बैठकीनंतर काही तासांनी छातीत दुखून दम लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे ब-प्रकारची कावीळ पसरल्याची उदाहरणे जगात झाली आहेत. सुई रुग्णासमोर बंद वेष्टनातून काढली जाते की नाही, हे पाहणे हा रुग्णाचा हक्क आहे. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकावी लागते. तो डबा दवाखान्यात दिसत नसेल तर तेवढ्यावरून बाकीचा अंदाज करता येतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हृदयात गतिकारक बसविलेले (विद्युत् प्रवाहासाठी) आणि गर्भवती स्त्रिया यांनी ती माहिती आधी द्यावी. अंगठा व तर्जनी यांमधील ‘ह-गू’ आणि घोट्याच्या आतील बाजूस वर असलेला ‘सान-यिन-ज्याव’ हे बिंदू गरोदरपणात टाळण्याचा संकेत आहे.

सुईपेक्षा मोठा धोका विलंबाचा असतो. कंबरदुखीबरोबर पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, रात्री वाढणारी व वजन घटविणारी पाठदुखी (पाठीच्या मणक्यांचा क्षय आपल्याकडे दुर्मिळ नाही), अचानक उद्भवलेली असह्य डोकेदुखी, डाव्या खांद्यात उतरणारी छातीतील कळ ही सूचिचिकित्सेची क्षेत्रे नव्हेत. पावसाळ्यात वसई-विरारच्या सखल वस्त्यांत पाणी साचते. त्या दिवसांतील ताप व अंगदुखी हिवताप, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस यांची असू शकते आणि तेथे प्रथम रक्ततपासणीच हवी. चांगला सूचिचिकित्सक असा रुग्ण स्वतःच परत पाठवितो. पाच-सहा बैठकांत काहीच फरक न पडल्यास उपचार पुढे रेटण्यात अर्थ नसतो. मोठ्या संख्येच्या बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

कायदेशीर स्थिती : केंद्र शासनाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने सूचिचिकित्सा ही उपचाराची एक रीत म्हणून नोंदणीकृत वैद्यांस व योग्य प्रशिक्षितांस वापरण्याची मुभा दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तत्पूर्वीच महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धतीविषयक अधिनियम केला होता. त्यानुसार स्थापन झालेली परिषद व्यावसायिकांची नोंदणी करते व शिक्षणसंस्थांना मान्यता देते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक विचारण्याची सोय त्यामुळे रुग्णास झाली आहे. या नोंदणीने आधुनिक औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

औषधे : चिनी औषधोपचाराचा आयुष पद्धतींत समावेश नाही. त्यातील साधे योग मात्र मराठी माणसास अपरिचित वाटणार नाहीत. झांग झोंग-जिंग याने सुमारे इ. स. २०० मध्ये सांगितलेल्या, सर्दी-तापावरील प्रसिद्ध काढ्यात दालचिनीच्या जातीतील एका वृक्षाच्या डहाळ्या, पिओनीचे मूळ, आले, ज्येष्ठमध व चिनी बोर ही पाच द्रव्ये असतात. काढा घेतल्यावर गरम पातळ पेज पिऊन पांघरूण घेण्यास सांगितले आहे. कोकणातील आजीबाईंचा उपाय यापेक्षा फार वेगळा नसतो. ली शि-झेन याच्या १५९६ मध्ये छापलेल्या निघंटूत १,८९२ द्रव्यांची नोंद आहे. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात तापावर सांगितलेल्या वनस्पतीचा मागोवा घेऊन तू यू-यू यांनी १९७२ मध्ये आर्टेमिसिनीन हे हिवतापावरील द्रव्य वेगळे केले व त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही या वैद्यकाची उज्ज्वल बाजू होय. बेल्जियममध्ये १९९३ मध्ये उघडकीस आलेला प्रकार तिच्या उलट आहे. वजन घटविण्याच्या चिनी गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिसळली गेल्याने शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, पुढे काहींना कर्करोग झाला. वेष्टनावरील घटक वाचता येत नाहीत अशा आयात गोळ्या, विशेषतः सांधेदुखीवर झटपट गुण देणाऱ्या, घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइडांची भेसळ आढळली आहे.

प्राणिज द्रव्यांची मागणी भारताच्या किनाऱ्यास थेट भिडते. समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांना चिनी बाजारात मोठा भाव असल्याने त्यांची बेसुमार पकड होऊ लागली व २००१ मध्ये भारताने ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. घोळ मासा मात्र पकडण्यास मोकळा आहे. त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीस मच्छीमार ‘बोत’ म्हणतात. ती वाळवून हाँगकाँग, सिंगापूर इत्यादी ठिकाणी पाठवितात व तेथे ती बलवर्धक म्हणून सूपात घालून खातात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेच्या जाळ्यात १५७ घोळ मासे आले आणि लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. बोताच्या औषधी गुणांविषयी चाचण्यांचा आधार नाही. किंमत ठरते ती खाणाऱ्यांच्या श्रद्धेवर आणि बोताच्या आकारावर. नराचा बोत मादीच्या बोतापेक्षा महाग जातो.